गाठी उठल्यावर लस टोचून काय उपयोग?

डोकं फिरतं अगदी! पावसाळ्यात माश्या, डास, गोचीड वाढणार आणि त्यांच्यासोबत गाई-बैलांच्या अंगावर गाठी उठवणारा लंपी रोग येणार, हे आता गावातलं शेंबडं पोरही सांगेल. 2022 साली राज्यभर जनावरांचे बाजार बंद ठेवायची वेळ आली होती, तेही सगळ्यांनी पाहिलंय. तरी आमच्याकडे लस येते ती साथ शिरल्यावरच! मे महिन्यात विचारलं की उत्तर ठरलेलं, 'स्टॉक आला नाही.' अहो, ही लस दरवर्षी द्यावी लागते, मग तारीख आधी ठरवायला अडतं कुठे? टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती यायला तीनेक आठवडे जातात. तेवढ्यात गोठाच्या गोठा आजारी पडतो.

वर एकच सुई सगळ्या दावणीला! आजारी गाईला टोचलेली तीच सुई शेजारच्या निरोगी वासराला. सुई बदला म्हटलं की आम्हालाच अडाणी ठरवतात.

पशुसंवर्धन खात्याच्या साहेबांनी एकदा रात्रभर गोठ्यात थांबून बघावं. मानेपासून कासेपर्यंत गाठी, गळ्याखालची पोळी सुजून लोंबतेय, पाय खांबासारखे झालेत. गाईला बसता येत नाही. तहान लागलेली असते, पण मान खाली जात नाही, म्हणून बादली उचलून तोंडाशी धरावी लागते. गाठी फुटल्या की जखमेत आळ्या पडतात. त्या चिमट्याने काढताना ती थरथरते, पण लाथ मारायचंही त्राण उरलेलं नसतं.

आणि सरकारी मदत कशाची? 2022 मध्ये दुधाळ जनावर मेलं तर 30,000, बैल 25,000, वासरू 16,000. जी गाय जगली पण आटली, जिने गाभ टाकला, तिचं काय? तिला पेंड घालायची कुठून? डेअरीचं बिल निम्म्यावर येतं, सोसायटीचा हप्ता थोडाच थांबतो!

याच देशाने गुरांचा जीवघेणा रोग, बुळकांडी, संपवली. 1954 पासून गावोगाव फिरून लस टोचली, 2006 मध्ये देश मुक्त झाला, 2011 मध्ये जगातूनच तो रोग गेला. तेव्हा धड रस्ते नव्हते, मोबाईल नव्हते. आज प्रत्येक जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे. कुठल्या गावात किती जनावरं, सगळं कॉम्प्युटरवर आहे. मग मे महिन्यात तेवढ्या मात्रा आणि तेवढ्या सुया गावात का पोचत नाहीत? याचं उत्तर द्या, उगाच 'गोठा स्वच्छ ठेवा'ची पत्रकं वाटू नका!