शॉकअप कोरडा दिसतो म्हणून तो चांगला ठरत नाही

जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला कित्येक वर्षं फिरतो आहे, आणि दर वेळी त्याला माना डोलावणारे भेटतात. तो साधारण असा : शॉकअपमधून (म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरमधून) तेल गळत नसेल तर त्याला हात लावू नका. खात्री करायची असेल तर गाडीचा कोपरा दाबून सोडा. एका हेलकाव्यात थांबली की शॉक ठणठणीत. स्प्रिंग म्हणजे पोलादच, ती गाडीच्या आयुष्यभर टिकते. गाडी वळणावर फार झुकत असेल तर कडक, बुटक्या स्प्रिंगा टाका, शॉक आहेत तेच चालतील. आणि एखादा शॉक गेलाच तर तेवढाच बदला, उगाच चार कशाला.

मी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ चालवतो, म्हणजे १९८९ साली आलेलं मॉडेल. हा सल्ला ऐकून मी तीन वर्षं त्या गाडीच्या सस्पेन्शनकडे वळून पाहिलं नाही. नंतर सगळं खोलून बघितल्यावर कळलं की यातलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही.

सुरुवात तेलापासून करू. गळती ही शॉक गेल्याची एक खूण आहे, एकमेव नाही. आत पिस्टन तेलातून फिरतो, बारीक छिद्रं आणि पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा त्याला अडवतात, आणि स्प्रिंगची उसळी उष्णतेत जिरते. वर्षानुवर्षांच्या वापरात त्या चकत्या थकतात, पिस्टनभोवतीची पट्टी झिजते, तेलाचा दाटपणा जातो. ट्विन-ट्यूब, म्हणजे एकात एक दोन नळ्या असलेल्या शॉकमधला गॅस निघून गेला की खडबडीत रस्त्यावर तेलाला फेस येतो, आणि फेसातून पिस्टन जवळजवळ मोकळाच फिरतो. यातल्या एकाही बिघाडाने बाहेर थेंबभर तेल दिसत नाही.

माझ्या गाडीचा मागचा उजवा शॉक असाच होता. बाहेरून पूर्ण कोरडा, अंगावरची धूळसुद्धा भुरभुरीत. काढून उभा धरला आणि आधी पाच-सहा वेळा पूर्ण आत-बाहेर केला. हे करावंच लागतं, कारण आडव्या पडलेल्या ट्विन-ट्यूबमध्ये हवा सरकते आणि चांगला शॉकही पोकळ वाटतो. मग रॉड दाबला. पहिली दोन बोटं तो हवेत जावा तसा गेला, आणि मग कुठे अडला. वर ओढताना तेच, वर आतून गुडगुड आवाज. शेजारी नवा शॉक घेऊन तसंच केलं, तर वरपासून खालपर्यंत एकसारखा विरोध, आणि दिशा बदलताना जराही ढिलाई नाही. गॅसचा शॉक असेल तर दाबून सोडल्यावर रॉड आपणहून बाहेर यायला हवा; येत नसेल तर गॅस संपला. कोरडा शॉक चांगला म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे दोन शॉक एकदा लागोपाठ दाबून बघावेत असं मला मनापासून वाटतं.

आता कोपरा दाबायची परीक्षा. शॉकला दोन वेगळ्या हालचाली आवरायच्या असतात. एक, गाडीचं अंग स्प्रिंगांवर वर-खाली होतं ते, सेकंदाला साधारण एक ते दोन वेळा. दुसरी, चाक स्वतः टायर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये थरथरतं ते, सेकंदाला दहा-पंधरा वेळा. हाताने दाबून आपण फक्त पहिली तपासतो, तीही अगदी संथ गतीने. शिवाय जुन्या गाडीत ताठरलेले बुश (सांध्यांमधली रबरं) आणि गंजलेले सांधे मिळून ते हेलकावे थांबवतात आणि श्रेय शॉकला जातं. या परीक्षेत गाडी नापास झाली तर शॉक नक्की गेलेत. पास झाली तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

खरी लक्षणं चाकाशी शोधायची. वळणात बारीक उंचवटे आले की मागची बाजू किंचित बाहेर सरकते. खडबडीत रस्त्यावर ब्रेक दाबला की चाक जमिनीला धरून राहत नाही. टायरवरून तळहात फिरवला तर लाटांसारखे उंच-सखल डाग लागतात. आणि ही झीज इतकी हळू होते की चालवणारा नकळत जुळवून घेतो, वेग जरा कमी ठेवतो, स्टिअरिंग आधीच सावरतो. "मला तर काही फरक वाटत नाही" ही साक्ष म्हणूनच कमकुवत आहे. माझीही तीच होती.

स्प्रिंग आयुष्यभर टिकते, या विधानात अर्धं सत्य आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. वयाने पोलादाचा कडकपणा कमी होत नाही. "स्प्रिंगा मऊ पडल्या" असं म्हणणारेही चुकतातच. होतं काय, तर स्प्रिंग बसते. सततच्या भाराखाली तिची मोकळी लांबी कायमची घटते. कडकपणा तोच राहतो, पण गाडी खाली येते. दुसरं, गंज. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरतो, त्यामुळे तार सगळीकडे पाच टक्के बारीक झाली तर कडकपणा अठरा टक्क्यांहून जास्त उतरतो. आणि गंजाने जिथे खड्डे पडतात तिथूनच ती तडकते, बहुतेकदा शेवटच्या वेढ्यात, स्प्रिंग ज्या वाटीत टेकते त्या सीटमध्ये ओली माती साचते तिथे. वरून बघून ते दिसत नाही.

गाडी बसली आहे का, हे अंदाजाने ठरवू नका. सपाट जमिनीवर उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा मध्ये येते. माझ्या गाडीची मागची डावी बाजू उजवीपेक्षा १४ मिलिमीटर खाली होती. १४ मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं कुणी म्हणेल. या गाडीत चाकाला वर यायला मुळातच थोडी जागा आहे आणि बंप स्टॉप, म्हणजे चाकाची चाल संपताना धक्का झेलणारा ठोकळा, लवकर लागतो. गाडी बसली की तीही जागा जाते. मग भर वळणात स्टॉप टेकतो, त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो आणि मागचं चाक पकड सोडतं. माझे मागचे दोन्ही बंप स्टॉप बोटांत धरताच चुरले, म्हणजे तेवढाही आधार उरला नव्हता.

सगळ्यात नुकसान करणारा भाग आहे तो कडक, बुटक्या स्प्रिंगांचा. स्प्रिंग जितकी कडक, तितकी तिची उसळी आवरायला शॉकचा जोर जास्त लागतो, आणि तो वाढतो वर्गमुळाच्या हिशोबाने. स्प्रिंग दीडपट कडक केली तर आधीइतकाच ताबा ठेवायला शॉकचा अडसर सुमारे २२ टक्के वाढवायला हवा. इथे तर आपण झिजलेला, आधीच कमी पडणारा शॉक ठेवून वर कडक स्प्रिंग लावतो आहोत. गाडी टणक लागते, म्हणून चालवणाऱ्याला ती चांगली झाली असं वाटतं. प्रत्यक्षात चाक रस्त्यावर आधीपेक्षा कमी वेळ टिकतं.

मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे शॉकच चाकाला वरून धरून ठेवतो अशा गाड्यांत आणखी एक गोष्ट घडते. गाडी फार खाली घेतली की लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर जातं आणि रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त झपाट्याने खाली उतरतं. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला झुकवणारी तरफ लांब होते. झुकणं थांबवायला म्हणून गाडी खाली घ्यावी आणि नव्या स्प्रिंगच्या कडकपणाचा बराच भाग ही नवी तरफच खाऊन टाकते. स्प्रिंग कापणं तर करूच नका. वेढे कमी झाले की ती कडक होते हे खरं, पण कापलेलं टोक सीटवर नीट बसत नाही, आणि चाक पूर्ण लोंबकळलं की ती जागेवरून सुटू शकते.

एकच शॉक बदलण्याबद्दल फार बोलायला नको. एका ॲक्सलवर एक नवा आणि एक थकलेला शॉक असेल तर गाडी डावीकडे एक वागते, उजवीकडे दुसरं. निदान जोडी बदला. सोबत बंप स्टॉप, धुळीचे बूट आणि टॉप माउंटची (शॉक वरून गाडीला जोडणाऱ्या भागाची) रबरं बदला, कारण त्यासाठी पुन्हा सगळं खोलावं लागतं. एमएक्स-५ पुरतं सांगायचं तर १९९८ पासूनच्या दुसऱ्या पिढीचे टॉप माउंट पहिल्या पिढीत बसवता येतात आणि शॉकला थोडी जास्त चाल मिळते. मी तेच केलं.

हा सल्ला प्रत्येक गाडीला कॉइल स्प्रिंग असते असंही धरून चालतो. पोर्शे ९४४ ला मागे टॉर्शन बार, म्हणजे पिळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे आहेत. एमजीबीला मागे पाटे आहेत आणि लीव्हर-आर्म, म्हणजे दांड्याने चालणारे जुन्या पद्धतीचे शॉक आहेत. तिथे कामच वेगळं.

स्वतः करणार असाल तर दोन जागी सावध राहा. मिलिमीटरला अडीच किलो भार घेणारी स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबली की तिच्यात पावणेचारशे किलोचा जोर साठतो. ती दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर निसटला तर दहा किलोचं वजन जवळजवळ पावणेतीन मीटरवरून पडावं इतका तो फटका असतो. स्प्रिंगच्या टोकाच्या रेषेत डोकं कधीही नको. आणि रॉड फिरू नये म्हणून तो पकडीने धरू नका. चमकत्या पृष्ठभागावर एक ओरखडा आला की नवा शॉक सील कापून घेतो.

दुसरी जागा बुशच्या बोल्टची. चाकं लोंबकळत असताना ते घट्ट केले तर गाडी खाली उतरताच रबर पिळलं जातं. ते लवकर फाटतं आणि तोवर गाडीला खोटी उंची देतं. बोल्ट हाताने लावा, गाडी तिच्या चाकांवर उभी करा, दोन-चारदा दाबून बसू द्या आणि मगच पाना लावा.

उंची बदलली की टो (वरून बघता चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन) आणि कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कलता कोन) दोन्ही बदलतात, म्हणून अलाइनमेंट लगेच करायची. नव्या स्प्रिंगा सुरुवातीला थोड्या बसतात, तेव्हा काही दिवसांनी पुन्हा एकदा मोजायचं. माझ्या गाडीत दुसऱ्या मोजणीला मागच्या दोन बाजूंमध्ये २ मिलिमीटरचा फरक निघाला, आणि अलाइनमेंट त्यावर पक्की केली.