रत्नागिरीचा राजवाडा आणि ब्रह्मदेशाची कादंबरी

थिबा राजवाड्याची लाल चिऱ्याची इमारत आपल्या रत्नागिरीकरांच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की एका राजवंशाचा शेवट या आवारात झाला ही गोष्ट तिच्यावरून जाता-येताना मनाला शिवतही नाही. पाहुणे आले की आपण त्यांना थिबा पॉइंटवर नेतो, भाट्याची खाडी आणि पलीकडचा समुद्र दाखवतो, ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, थिबा राजाला इंग्रजांनी इथे कैदेत ठेवले होते एवढे सांगतो आणि काळोख पडायच्या आत मांडवीकडे निघतो. अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ ही २००० साली आलेली कादंबरी वाचल्यापासून मला एवढ्यावर थांबता येत नाही. आजची पोस्ट लांब होणार आहे, पण हा विषय आपल्या गावाचा आहे आणि तो थोडक्यात आटोपावा असे मला वाटत नाही.

व्यक्तीची कहाणी आणि राष्ट्राचा इतिहास एकत्र गुंफल्याचे कौतुक अनेक कादंबऱ्यांच्या वाट्याला येते. प्रत्यक्षात त्यांतल्या बहुतेकींमध्ये इतिहास हा नाटकातल्या मागच्या पडद्यासारखा असतो. तो बदलला तरी पुढच्या माणसांच्या बोलण्या-वागण्यात काही फरक पडला नसता. माझ्या मते गुंफण खरी की वरवरची हे ओळखण्याची कसोटी एकच आहे. इतिहासाने त्या माणसाला अशा निवडीपुढे उभे केले का, जी एरवी त्याच्या आयुष्यात कधीच आली नसती. आणि त्याने जी निवड केली तिची जबाबदारी लेखकाने त्याच्याच खांद्यावर ठेवली का? ‘काळच तसा होता’ असे म्हणून पात्राला मोकळे करणारी कादंबरी मला अप्रामाणिक वाटते. घोष यांची कादंबरी या कसोटीला बऱ्याच अंशी उतरते, आणि ती जिथे उतरते ती ठिकाणे आपल्याला, म्हणजे भारतीयांना, फारशी सुखावह नाहीत.

कादंबरी सुरू होते ती नोव्हेंबर १८८५ मध्ये, मंडालेला. सागवानाच्या व्यवहारावरून ब्रह्मी दरबाराने एका इंग्रजी व्यापारी कंपनीला मोठा दंड ठोठावला होता. ते निमित्त झाले आणि इंग्रजी फौज इरावती नदीतून वर सरकली. युद्ध जेमतेम दोन आठवडे चालले. थिबाने शरणागती पत्करली आणि १ जानेवारी १८८६ रोजी त्याचे राज्य इंग्रजी साम्राज्याला जोडल्याचे जाहीर झाले. या घटनेकडे कादंबरी पाहते ती राजकुमार नावाच्या अकरा वर्षांच्या अनाथ भारतीय मुलाच्या नजरेतून. तो एका बाईच्या खाणावळीत काम करतो. दुरून आवाज येतो तेव्हा तो इंग्रजांच्या तोफांचा आहे हे तिथल्या माणसांत त्याला एकट्यालाच कळते. मात्र आत शिरणाऱ्या त्या फौजेतले बहुसंख्य शिपाई भारतीय असतात, आणि संतापलेला जमाव या पोरक्या मुलालाच धरतो, कारण त्याचा चेहरा त्या शिपायांसारखा आहे. साया जॉन नावाचा गृहस्थ त्याला सोडवतो आणि हे भारतीय शिपाई दुसऱ्याच्या हुकमावरून का लढतात, याविषयी त्याच्याशी बोलतो.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण जिंकले गेलो, हे आपल्याला शाळेत व्यवस्थित शिकवले गेले. आपल्याच माणसांच्या हातून दुसरा देश जिंकला गेला, हे कोणी शिकवले नाही. आणि पलटणीची नोकरी कोकणाला काही परकी नव्हती. दापोलीला तर लष्कराची छावणीच होती, आणि पेन्शनीत निघालेले सुभेदार-जमादार तिथे घरे करून राहत, डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत होते. पलटणीने त्या माणसांना पगार दिला, पेन्शन दिली, काहींना शिक्षणाचा पहिला स्पर्श दिला. गावाने जी प्रतिष्ठा नाकारली तीही काही अंशी दिली. म्हणूनच त्यांच्या नोकरीविषयी सहज निवाडा करता येत नाही, आणि कादंबरीही तो करत नाही. ती फक्त त्या नोकरीची दुसरी बाजू, मंडालेच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला दिसलेली बाजू, आपल्यापुढे ठेवते.

मग तो प्रसंग येतो जो मी पुन्हा पुन्हा वाचतो. राजा, गरोदर राणी सुपयालत आणि लहान राजकन्या यांना बैलगाड्यांत बसवून नदीकडे नेले जात आहे, आणि दोन्ही बाजूंना प्रजा उभी आहे. राणीच्या दासींमध्ये डॉली नावाची दहाएक वर्षांची मुलगी आहे. राजवाडा लुटला जात असताना आत शिरलेल्या राजकुमारने तिला पाहिलेले असते. तो गर्दीतून वाट काढत तिला गाठतो आणि मिठाईची पुडी तिच्या हातात देतो. डॉली ती पुडी उघडते आणि त्यातला घास आधी शेजारून चालणाऱ्या पहाऱ्यावरच्या शिपायापुढे धरते. राजकुमारचा संताप होतो. पण लगेच त्याला उमजते की आता या मुलीला ज्यांच्या कैदेत जगायचे आहे त्यांच्याशी जमवून घेण्यावाचून तिच्यापुढे दुसरा मार्ग नाही. पराभूत राष्ट्राची अवस्था सांगायला इतिहासकाराला प्रकरणे लिहावी लागली असती, आणि इथे ती एका लहान मुलीच्या हाताच्या हालचालीत आली आहे.

राजाला आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले गेले. आपले गाव का निवडले असावे, हे कोकणात राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. रेल्वे नाही, घाट ओलांडायचा म्हणजे दिवसचे दिवस, मुख्य वाट समुद्राची आणि तीही पावसाळ्यात आगबोटी थांबल्या की बंद. पुढे १९२४ ते १९३७ सावरकरांना स्थानबद्ध ठेवायला सरकारला हाच जिल्हा सोयीचा वाटला. १८५८ सालात दिल्लीच्या शेवटच्या बादशहाला रंगूनला धाडणारे सरकार सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी मंडालेच्या शेवटच्या राजाला इकडे आणते. परागंदा राजांची ही अदलाबदल कोणी कल्पनेने रचली असती तर अतिरंजित म्हटली गेली असती.

रत्नागिरीचा भाग हा या कादंबरीचा सर्वांत सकस भाग आहे, आणि हे मी केवळ गावाच्या अभिमानाने म्हणत नाही. इथे लढाई नाही, सभा नाही, मोठी घटना जवळजवळ नाहीच. टेकडीवरच्या बंगल्यात दुर्बिणीतून समुद्रावरची गलबते न्याहाळणारा राजा आहे, मोडून न पडलेली राणी आहे, वाढत जाणारी कर्जे आणि कमी होत जाणारे जडजवाहीर आहे. ब्रह्मदेशातून आलेल्या दासी एकेक करून परत जातात आणि डॉली तेवढी उरते. ती इथेच मोठी होते. परत जाण्याचा विषय निघतो तेव्हा ती सांगते की आता तिकडे आपणच परक्या ठरू. तिला कैदी म्हणून आणलेले नव्हते, तिच्यावर कोणताही खटला नव्हता; एका राज्याच्या पतनाबरोबर तिचे घर गेले आणि दुसऱ्याचे गाव तिचे घर झाले, एवढेच. राजकुमार वीस वर्षांनी सागवानाचा व्यापारी होऊन तिला शोधत रत्नागिरीला येतो, तेव्हा तिच्यापुढचा प्रश्न लग्नाचा तर आहेच, पण कोणत्या देशाला आपला म्हणायचे हाही आहे. राष्ट्राचा प्रश्न इतक्या नि:शब्दपणे एका बाईच्या संसाराच्या प्रश्नात मिसळलेला मी फार थोड्या ठिकाणी वाचला आहे.

याच भागात कलेक्टर बेनीप्रसाद डे आहे. एका पदच्युत आशियाई राजावर पहारा ठेवण्याचे काम इंग्रज सरकार एका भारतीय अधिकाऱ्याकडे देते. तो हुशार, कर्तव्यदक्ष आणि साम्राज्यावर श्रद्धा असलेला माणूस आहे. मोठी राजकन्या सावंत नावाच्या गाडीवानापासून गरोदर राहिल्यावर त्याची कारकीर्द कोसळते, तो बोट घेऊन समुद्रात जातो आणि परत येत नाही. राजवाड्याच्या अब्रूची चिंता राजकुटुंबापेक्षा साम्राज्यालाच जास्त आहे, ही या प्रकरणातली विसंगती घोष यांनी नेमकी पकडली आहे.

राजकुमारविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण कादंबरीची नैतिक ताकद त्याच्यात आहे. जमावाच्या तावडीतून वाचलेला हा अनाथ मुलगा भांडवल कसे उभे करतो? भारतातल्या गरीब खेड्यांतून मजूर गोळा करून, त्यांना बोटीत भरून ब्रह्मदेशातल्या तेलविहिरींवर पोचवून. पुढे मलायातल्या रबराच्या मळ्यात तो पैसा गुंतवतो आणि तिथल्या एका मजूर बाईवर आपल्या सत्तेच्या बळावर संबंध लादतो. त्यातून झालेल्या मुलाला तो बापाचे नाव देत नाही. साम्राज्याने ज्याला रस्त्यावर टाकले तोच साम्राज्याच्या यंत्रणेतून श्रीमंत होतो. उमा, म्हणजे त्या कलेक्टरची विधवा, आता स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरलेली आहे. ती त्याला तोंडावर जाब विचारते, तेव्हा त्याच्यापाशी उत्तर आहे, पण ते पुरेसे नाही. लेखकाने त्याचे दु:ख खरे ठेवले आणि त्याचा अपराधही खरा ठेवला. नायकाला सांभाळून घेण्याची जी सवय आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना लागली आहे, तिच्यापुढे हे धैर्य मला मोठे वाटते.

दुसऱ्या महायुद्धाचा भाग वेगाने सरकतो. इंग्रजी सैन्यातला भारतीय अधिकारी अर्जुन आझाद हिंद सेनेकडे वळतो. आपण आयुष्यभर कोणाचे हत्यार होतो हा त्याला पडलेला प्रश्न थेट मंडालेच्या रस्त्यावरून आलेला आहे, आणि हा धागा पन्नासहून अधिक वर्षांनी असा जुळतो तेव्हा रचनेचे कौतुक वाटते. १९४२ मध्ये जपानी फौजांपुढून लाखो भारतीय ब्रह्मदेश सोडून जंगलातून, डोंगरांतून चालत निघाले आणि हजारो वाटेतच मेले. त्या वाटेवर म्हातारा राजकुमार आणि डॉली आहेत, आणि त्यांची सून तान्हे मूल मागे ठेवून नदीत जीव देते. ही पाने वाचवत नाहीत, पण ती वाचायला हवीत, कारण या पायपिटीची आठवण आपल्याकडे जवळजवळ पुसली गेली आहे.

कादंबरीत उणिवा आहेत. उत्तरार्धात माणसे माणसांसारखी बोलण्याऐवजी भूमिका मांडू लागतात; वाद मोलाचे असतात, पण बोलणाऱ्याचा चेहरा धूसर होतो. योगायोगही फार आहेत. माझी मोठी तक्रार मात्र आपल्या गावापुरती आहे. टेकडीवरचे घर इतके बारकाईने दिसते आणि टेकडीखालची रत्नागिरी अंधुकच राहते. सावंत सोडला तर इथल्या माणसाला स्वत:चे मन म्हणून नाही. राजवाड्यात पाणी भरणारे, मासळी पोचवणारे, राजाला कर्ज देणारे सावकार, दारावरचे शिपाई यांना या परक्या राजाविषयी काय वाटत होते? त्यांतल्या कोणाला त्याच्यात आपले पारतंत्र्य दिसले का?

आणि या गोष्टीचा एक खरा धागा कादंबरीच्याही पुढे जातो. १९१० मध्ये बांधून झालेल्या नव्या राजवाड्यात थिबा सहा वर्षे राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तिथेच वारला. १९१९ मध्ये राणीला रंगूनला परतण्याची परवानगी मिळाली. पण मोठी राजकन्या रत्नागिरीत परत आली, राजवाड्यावर नोकरीला असलेल्या एका सावंतांपासून झालेल्या आपल्या मुलीसह. ती मुलगी, म्हणजे ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाची नात, इथे वाढली, मराठी बोलली, गरिबीत संसार केला आणि म्हातारी होऊन याच गावात वारली. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीचे दर्शन घ्यायला रत्नागिरीत आले, तेव्हा वर्तमानपत्रांत राजाविषयी पुष्कळ छापून आले. या नातीची कादंबरी मात्र मराठीत लिहायला हवी, आणि ती इथल्याच कोणीतरी लिहावी. तिला जवळून पाहिलेली माणसे अजून गावात आहेत. त्यांच्या आठवणी आत्ताच लिहून घेतल्या नाहीत, तर पुढे ती लिहिणाऱ्याला सरकारी दप्तरातल्या पत्रांवाचून दुसरे काही मिळणार नाही.