रविवारी धुवावेत

इमारतीच्या मुख्य दारामागे, टपालपेट्यांच्या वर, आज सकाळी एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. निळी शाई, तिरकं वळणदार अक्षर. मजकूर असा: 'चौथ्या मजल्यावरच्या भारतीय गृहस्थांना विनंती. कपडे रविवारी धुवावेत. धन्यवाद.' चौथ्या मजल्यावर भारतीय गृहस्थ एकच आहे आणि ती चिठ्ठी वाचायला तोच सगळ्यात शेवटी खाली उतरला. तोवर अख्ख्या इमारतीने ती वाचली असणार. पोस्टमननेही.

प्रकरण मागच्या गुरुवारचं. इटलीतल्या बोलोन्यात, म्हणजे मी राहतो त्या शहरात सकाळचे साडेदहा, पुण्यात दुपारचे दोन. पुण्याच्या क्लाएंटबरोबर व्हिडिओ कॉल चालू होता. न्हाणीघरात वॉशिंग मशीन, इंडक्शनवर कुकर आणि भिंतीवर ८० लिटरचा गिझर, सगळे आपापल्या कामात. कुकरची पहिली शिट्टी झाली. दुसरी झालीच नाही. पडदा काळा, राउटर काळा, फ्रिज मुका. पुण्याच्या स्क्रीनवर मी तोंड उघडलेल्या अवस्थेत गोठलो, आणि तो फोटो आता त्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याखाली कुणीतरी लिहिलंय, 'लाइट गेली? इटलीत??' प्रश्नचिन्हं दोन.

हो, इटलीत. आपल्याकडे विजेच्या बिलावर 'मंजूर भार' नावाचा एक रकाना असतो. तो वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. इटलीत त्या रकान्यावर संसार चालतो. इथल्या बहुतेक घरांचा करार ३ किलोवॅटचा. मीटर मोठ्या मनाने १० टक्के वर देतो, म्हणजे ३.३ किलोवॅट कितीही वेळ वापरा. त्याच्या थोडं वर गेलात तर काही वेळ दम धरतो. पण साधारण सव्वाचारच्या पुढे गेलात की मिनिटा-दोन मिनिटांत खटका पाडून मोकळा होतो. आता माझा हिशेब: मशीन पाणी तापवत असताना २,००० वॉट, इंडक्शन १,८००, गिझर १,२००. बेरीज ५,०००. लॅपटॉपचे ६० वॉट मी मोजतच नाही, खरं तर पोट तेवढ्यावरच चालतं.

हीटर लावलेला नव्हता, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवा. लावायचा मोह होता. बोलोन्या हवामानाच्या 'ई' विभागात मोडतं, आणि त्या विभागात इमारतीचं हीटिंग १५ ऑक्टोबरला सुरू होऊन १५ एप्रिलला बंद होतं, तेही दिवसाला जास्तीत जास्त १४ तास. थंडीने हे वेळापत्रक वाचलेलं नाही. ती ५ तारखेलाच येते आणि लोक दहा दिवस घरात कोट घालून बसतात. ज्याला राहवत नाही तो २,००० वॉटचा छोटा हीटर आणतो, मग तो हीटर आणि केस वाळवायचं यंत्र एकदम लागतं, आणि मग तोही जिना उतरतो.

दिवे गेले की आधी घरातला बोर्ड बघायचा. त्यात 'साल्वावीता' नावाचा खटका असतो. शब्दशः अर्थ जीवरक्षक. तो पडला असेल तर कुठेतरी करंट गळतोय, सगळे प्लग काढून एकेक लावत चोर शोधायचा. बोर्डवरचे सगळे खटके वर असूनही अंधार असेल, तर खालच्या मीटरने मान टाकलीय. जुन्या इमारतींत हा मीटर बहुधा घरात नसतोच. तो असतो तळघरात, जिथे वाइनच्या रिकाम्या बाटल्या आणि कुणाच्या तरी नातवाची तीनचाकी सायकल असते.

मी पोर्ता सारागोत्झाच्या बाहेर राहतो. इथूनच सान लूकाच्या टेकडीवर जाणारी कमानींची वाट निघते. ६६६ कमानी, पावणेचार किलोमीटर, न भिजता थेट देवळात. शहरात एकूण ६२ किलोमीटर पोर्टिको, म्हणजे अशा छपराखालच्या वाटा आहेत आणि २०२१ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहेत. म्हणजे बाहेर रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यावर छप्पर धरणारं हे शहर, आणि घरातल्या माणसाला चार मजले, ८८ पायऱ्या आणि लिफ्ट नाही. जिन्यातला दिवा टायमरवर. बटण दाबलं की अडीच मजले पुरतो. उरलेला दीड मजला भिंत चाचपत.

तर मी पोचलो तळघराच्या दाराशी. दाराला कुलूप. किल्ली घरमालकाने मला दिलेलीच नाही. दिली नाही हे मला त्या क्षणी कळलं.

आणि तळमजल्यावरचं दार उघडलं.

इथे राहणाऱ्या सिन्योरा, म्हणजे आपल्याकडच्या 'बाई', कधी दाराआड नसतात असं मी पाहिलेलं नाही. अंगात जांभळा गाऊन, पायात लोकरी सपाता, आणि गाऊनच्या उजव्या खिशात तळघराची किल्ली. खिसा त्यांनी हाताने झाकून धरला होता. मी 'गुड मॉर्निंग' म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"केस ओले आहेत."

होते. नुकताच न्हालो होतो. ओल्या केसांनी जिन्यात येणं हा या देशात जवळजवळ आत्मघात समजतात. मानेला वारा लागतो, त्याने 'चेर्विकाले' म्हणजे मानेचं दुखणं धरतं, पुढचं तुम्ही समजून घ्यायचं. त्यांच्या एका चुलतभावाला असाच वारा लागला होता. मी विचारलं, मग काय झालं? त्या म्हणाल्या, "फेरारात राहतो." दोन्हींचा संबंध मला अजून लागलेला नाही.

मी म्हटलं, किल्ली हवी होती, माझी मीटिंग चालू आहे.

"काय काय लावलं होतं?"

मी सांगितलं. पोलीस चौकीत सांगावं तसं, क्रमाने. मशीन. त्यांनी एक बोट दुमडलं. गिझर. दुसरं बोट. शेगडी. तिसरं बोट दुमडता दुमडता थांबलं.

"शेगडीवर काय?"

"डाळ."

इटालियनमध्ये डाळीला नेमका शब्द नाही, म्हणून मी 'लेंतिक्किए' म्हणालो. मसूरच तो, अगदीच खोटं नव्हतं. पण इटलीत मसूर खातात ३१ डिसेंबरच्या रात्री, कोतेकीनो नावाच्या जाड सॉसेजबरोबर. दाणे नाण्यांसारखे दिसतात, म्हणून जितके खाल तितका पैसा वर्षभर येणार अशी श्रद्धा.

"आज? ऑक्टोबरात?"

"आम्ही रोज खातो."

"रोज?"

"जवळजवळ रोज."

त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. जिन्यातला दिवा विझला. त्यांनी मागे हात नेऊन, न बघता, बटण दाबलं.

"आणि पैसा आला?"

यावर द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. वर पुण्यातले सहा जण माझी वाट बघत होते, त्यातला एक माझं बिल मंजूर करणारा.

मग वेळापत्रकाचा तास झाला. विजेचे भाव इथे तासांवर बांधलेले असतात. एफ-१, सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ७, सगळ्यात महाग. एफ-२, त्याच्या आजूबाजूला: सकाळी ७ ते ८, संध्याकाळी ७ ते रात्री ११, आणि शनिवारी सकाळी ७ ते रात्री ११. एफ-३, बहुतेकदा स्वस्त: रात्री ११ ते सकाळी ७, रविवार आणि सुट्टीचे दिवस पूर्ण. गुरुवारी सकाळी साडेदहाला मशीन लावणारा माणूस त्यांच्या मते एक तर श्रीमंत असतो किंवा मूर्ख. मसुराने पैसा आलेला नाही हे ठरलेलंच होतं.

मी म्हटलं, ठीक, रात्री अकरानंतर लावेन. त्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. इमारतीची नियमावली. रात्री १० ते सकाळी ८ शांतता. दुपारी २ ते ४ शांतता. म्हणजे वीज स्वस्त होते तेव्हा आवाज करायचा नाही, आणि आवाज चालतो तेव्हा वीज महाग. राहता राहिला रविवार, तोही दुपार वगळून. हा नियम ज्या कुणी केला त्याच्या घरी धोबी येत असणार.

तरी किल्ली मिळाली नाहीच. "आधी वर जाऊन मशीन बंद करा, नाहीतर पुन्हा पडेल," असा हुकूम झाला. मी गेलो. ८८ पायऱ्या. तिसऱ्या मजल्यावर अंधारात उभा असताना हिशेब डोक्यात आला: लाइट गेली की इंडक्शन शेगडी आपोआप बंद होते, परत आली तरी स्वतःहून चालू होत नाही. म्हणजे उरलं मशीन २,००० आणि गिझर १,२००. ३,२००. मर्यादा ३,३००. १०० वॉट शिल्लक! या फेरीची काही गरजच नव्हती. पण खाली जाऊन त्यांना गणित समजावण्यापेक्षा वरचा एक मजला चढणं सोपं होतं. मशीन बंद केलं, पुन्हा ८८ उतरलो.

तळघरात बारा मीटर एका ओळीत, एकावरही नाव नाही. ज्याचा खटका पडलेला तो आपला, हे शास्त्र मला माहीत होतं. दोघांचे पडलेले होते. खात्रीचा मार्ग म्हणजे मीटरवरचं बटण दाबायचं, पडद्यावर ग्राहक क्रमांक येतो, तो बिलावरच्या क्रमांकाशी जुळवायचा. बिल ईमेलमध्ये, ईमेल फोनमध्ये, आणि तळघरात फोनला रेंज नाही.

"डावीकडचा दुसऱ्या मजल्यावरच्यांचा," सिन्योरा मागून म्हणाल्या. "ते गेले."

मी हळहळलो. कधी?

"ऑगस्टात. रिमिनीला. मुलीकडे."

उजवा खटका वर केला. दिवे आले असावेत, तळघरातून कळत नाही. पुन्हा वर. मीटिंग संपली होती. कुकर उघडला तर डाळ अर्धी कच्ची. हा कुकर मी इथे येऊन घेतला, कारण घरून आणलेला ॲल्युमिनियमचा इंडक्शनला कळतच नाही, त्याला बुडाशी लोखंडाचा अंश लागतो. चाळीस युरो गेले. घरून आणलेला मिक्सरही पडून आहे. आपले जाड गोल पिनांचे प्लग इथे कुठेच बसत नाहीत. इथे एका रेषेत तीन पिना, त्यातही दोन मापं, १० ॲम्पिअरची बारीक आणि १६ ची जाड, आणि मशीनला बहुधा जर्मन पद्धतीचा प्लग. हार्डवेअरच्या दुकानातला म्हातारा प्रत्येक वेळी वेगळा ॲडॅप्टर देतो आणि प्रत्येक वेळी म्हणतो, हाच बरोबर.

त्या रात्री मी पहिल्यांदा माझं वीजबिल नीट वाचलं. चौथ्या पानावर एक शब्द सापडला: 'मोनोरारिया'. म्हणजे सगळ्या तासांना एकच भाव. एफ-१, एफ-२, एफ-३ यांचा माझ्या बिलाशी काडीचाही संबंध नाही! गुरुवारी साडेदहाला धुवा, नाताळच्या रात्री धुवा, भाव तोच. मी ते पान घेऊन खाली गेलो. सिन्योरांनी चष्मा लावला, शब्द वाचला, कागद परत दिला आणि म्हणाल्या, "मग करार बदला."

करार घरमालकाच्या नावावर आहे. क्षमता ३ वरून साडेचार करायची तरी अर्ज त्यांनीच करायचा. त्यांचं म्हणणं, आजवरच्या एकाही भाडेकरूने तक्रार केली नाही. आधीचा भाडेकरू बहुधा थंड पाण्याने न्हाऊन सँडविच खात असेल.

सगळ्यात जास्त राग येतो तो याचा की यातलं काहीच मला कुणी विचारलं नव्हतं. माझा व्हिसा डिजिटल नोमॅडचा, म्हणजे इथे बसून दुसऱ्या देशाचं ऑनलाइन काम करणाऱ्यांचा; तो एप्रिल २०२४ पासून प्रत्यक्षात मिळू लागला. त्यासाठी उत्पन्न विचारतात, वर्षाला साधारण २५ हजार युरो. आरोग्यविमा विचारतात, राहायच्या जागेचा कागद विचारतात, किमान सहा महिन्यांचा कामाचा अनुभव विचारतात. आल्यावर कामाच्या ८ दिवसांत पोस्टात जाऊन राहण्याच्या परवान्याच्या अर्जाचं पाकीट भरायचं, त्यावर १६ युरोंचा स्टँप लावायचा. तो स्टँप पोस्टात मिळत नाही, तंबाखूच्या दुकानात मिळतो. एवढ्या कागदांत कुणीही विचारत नाही की बाबा रे, तू कुकर आणि मशीन एकदम लावतोस का? बसून काम करणाऱ्या माणसाचा सगळा धंदा एका खटक्यावर टांगलेला, आणि त्या खटक्याची किल्ली दुसऱ्याच्या गाऊनमध्ये.

तळघराच्या किल्लीची दुसरी प्रत मिळेल का, विचारायला गेलो. किल्लीवाला म्हणाला, ही सुरक्षित जातीची आहे, सोबतचं कार्ड दाखवल्याशिवाय कापता येत नाही. कार्ड इमारतीच्या व्यवस्थापकाकडे. व्यवस्थापक म्हणतो, अर्ज फक्त घराच्या मालकाने करायचा, आणि तोही 'पेक'ने. पेक म्हणजे रजिस्टर्ड पत्राचा दर्जा असलेला सरकारमान्य ईमेल. घरमालकाचं पेक आहे. पासवर्ड त्यांच्या मुलाकडे आहे. मुलगा लंडनला.

आज चिठ्ठी वाचून शेवटी मनाशी म्हटलं, जाऊ दे, रविवार तर रविवार. पुण्यालाही सुट्टी, कॉल नाही, सकाळी ८ ते २ मोकळे सहा तास. मशीन, कुकर, गिझर पाळीपाळीने लावू आणि चुकून खटका पडलाच तर किल्ली मागू. सिन्योरांचं दार उघडंच होतं, म्हणून तसं सांगूनही टाकलं. त्यांना आनंद झाला. मग म्हणाल्या, फक्त रविवारी त्या घरी नसतात. इमोलाला बहिणीकडे जातात, सकाळच्या साडेसातच्या गाडीने, ते रात्रीच परत.

मी विचारलं, मग किल्ली?

त्यांनी खिशावर हात ठेवला.