‘रिक्रूटिंगचं थोतांड’ या फॉरवर्डला उत्तर

परवा रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा मेसेज आला. "दादा, हे खरं आहे का रे?" खाली एक लांबलचक मराठी फॉरवर्ड, मथळा ‘कॉलेज फुटबॉल रिक्रूटिंगचं थोतांड : पाच सत्यं’. ओहायोतल्या मराठी मंडळींच्या दोन-तीन ग्रुपवर तो मला आधीच दिसला होता आणि मी सोडून दिला होता. बहिणीपर्यंत पोचल्यावर सोडवेना. तिचा मुलगा इथे अकरावीत आहे, शाळेच्या टीममध्ये ऑफेन्सिव्ह लाइनला खेळतो, आणि असं काही वाचलं की त्या घरात दोन-दोन दिवस तोच विषय असतो.

ज्यांना या खेळाचं (अमेरिकन फुटबॉलचं, सॉकर नव्हे) अंग नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत दर डिसेंबरात शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलं कॉलेजांशी करार करतात. एका कॉलेजने एका वर्षी घेतलेली वीस-पंचवीस मुलं म्हणजे त्या वर्षीचा ‘क्लास’. काही वेबसाइट या मुलांना स्टार देतात, जास्तीत जास्त पाच, आणि त्यावरून कुणाचा क्लास पहिला नि कुणाचा दहावा ते ठरतं. आम्ही ओहायो स्टेट या कॉलेजचे चाहते ते दोन-तीन दिवस कामात लक्ष घालूच शकत नाही. कोण आला, कोण गेला, कोणत्या जागेला माणूस कमी पडला, यावर जेवताना भांडणं होतात. मी स्वतः भांडतो. म्हणूनच हा फॉरवर्ड मला लागला.

पहिलं ‘सत्य’ : स्टार म्हणजे धूळफेक. टॉम ब्रॅडी १९९वा होता, जे. जे. वॉटला दोनच स्टार होते, जॉश ॲलनला कुणी विचारत नव्हतं.

हे तिघेही पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गाजले. ब्रॅडीचा १९९ हा आकडा २००० सालच्या एनएफएल ड्राफ्टचा आहे. व्यावसायिक टीम कॉलेजातल्या खेळाडूंना एकामागून एक निवडतात तो ड्राफ्ट, म्हणजे आकडा कॉलेज संपल्यानंतरचा. शाळेतून कॉलेजात जाताना त्याला मिशिगनने स्कॉलरशिप देऊन घेतलं होतं, आणि मिशिगन म्हणजे या खेळातलं सगळ्यात जुन्या, मोठ्या घराण्यांपैकी एक. (हे मी कोलंबसमध्ये, म्हणजे मिशिगनच्या कट्टर वैऱ्यांच्या, ओहायो स्टेटच्या गावात बसून लिहितोय.) दहावीच्या निकालाची चर्चा चालू असताना नोकरीच्या मुलाखतीतला नंबर पुढे करायचा, असला हा प्रकार. लिहिणाऱ्याने एक मिनिट काढून तपासलं असतं तरी पुरलं असतं.

वॉट आणि ॲलनचं मात्र खरं आहे. वॉट आधी सेंट्रल मिशिगनला गेला, तिथून स्कॉलरशिप नसताना विस्कॉन्सिनला आला, आणि २०११च्या ड्राफ्टमध्ये ११वा निवडला गेला. ॲलन कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या छोट्या शेतीच्या गावचा. मोठ्या कॉलेजांपैकी एकानेही त्याला घेतलं नाही. तो रीडली या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, मग वायोमिंगला, आणि २०१८मध्ये ७वा निवडला गेला.

पण त्यावरून ‘स्टार खोटे’ हा निष्कर्ष कसा निघतो? पाच स्टार वर्षाला साधारण बत्तीस मुलांना मिळतात. २४७स्पोर्ट्स ही स्टार देणारी वेबसाइट हा आकडा मुद्दाम तेवढा ठेवते, कारण एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत बत्तीसच जागा असतात. चार स्टारवाले काही शे. त्याखाली तीन आणि दोन स्टारवाल्यांची हजारोंची रांग. त्या रांगेतून दरवर्षी काही मोठे खेळाडू निघणारच. बोर्डाच्या गुणवत्ता यादीबाहेरची किती मुलं नावाजलेले डॉक्टर झाली ते मोजा, यादीतल्यांपेक्षा कितीतरी जास्त भरतील. म्हणून यादीतल्या मुलाची शक्यता कमी होती असं कुणी म्हणेल का? स्टार एका मुलाचं भविष्य सांगत नाहीत. शंभर मुलं एकत्र घेतली तर कुठल्या गटातून जास्त निघतील एवढंच सांगतात, आणि ते बऱ्यापैकी बरोबर सांगतात.

२० जानेवारी २०२५ची रात्र मी विसरणार नाही. अटलांटात कॉलेज फुटबॉलचा अंतिम सामना, आम्ही विरुद्ध नोटर डेम, नोटर डेम आठ गुणांनी मागे, शेवटची दोन-तीन मिनिटं. आमचा तिसरा डाऊन, म्हणजे चेंडू टिकवायची बहुधा शेवटची संधी, आणि अकरा यार्ड पुढे जायला हवं होतं. चेंडू परत त्यांच्या हातात गेला तर काहीही होऊ शकत होतं. विल हॉवर्डने लांब फेकला आणि जेरेमाया स्मिथने तो धरला. छप्पन्न यार्ड. सामना तिथेच संपला. फेकणारा तीन स्टारवाला, कॅन्सस स्टेटहून आलेला. धरणारा आपल्या वर्षाचा देशातला पहिल्या क्रमांकाचा मुलगा, कॉलेजातला पहिलाच हंगाम खेळणारा. त्या एका खेळात दोन्ही होतं, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याला त्यातलं एकच दिसतं.

दुसरं : इंडियानाने सिद्ध केलं, शाळकरी मुलांच्या मागे लागणं संपलं.

पाचांतला हा एकच मुद्दा ज्यावर मला थांबावं लागतं. कोच कर्ट सिग्नेटीची इंडियाना १६-० राहून १९ जानेवारी २०२६ला मायामीला २७-२१ हरवून विजेती झाली. वाटेत डिसेंबरात इंडियानापोलिसला आम्हालाही १३-१० हरवून गेली, आणि ते अजून दुखतं. इतकी वर्षं हरणाऱ्यांच्या यादीत सगळ्यात वर असलेलं हे कॉलेज. त्यांच्या क्लासांना कुणी विचारत नव्हतं. हे मान्य. मनाविरुद्ध, पण मान्य.

आता दुसरी बाजू. बड इलियट नावाचा पत्रकार बरीच वर्षं एक साधा हिशोब ठेवतोय. मागच्या चार क्लासांत घेतलेल्या मुलांपैकी चार आणि पाच स्टारवाली किती? अर्ध्याहून जास्त असली तर ती टीम विजेतेपदाच्या लायकीची. अशा टीम अलीकडे दरवर्षी सोळा ते अठरा निघतात, एकशे तीसहून जास्त टीममधून. २०११पासून २०२४पर्यंतचा प्रत्येक विजेता याच छोट्या यादीतला आहे. अलाबामा, जॉर्जिया, एलएसयू, आम्ही. २०१६चं क्लेमसन आणि २०२३चं मिशिगन जेमतेम अर्ध्याच्या वर होते, पण वर होते. चौदा हंगामांत एकही अपवाद नाही, आणि मग इंडियाना.

इंडियानाने हे केलं कसं, तेही बघा. सिग्नेटी जेम्स मॅडिसनहून आला तेव्हा तिथले डझनभर खेळाडू सोबत घेऊन आला. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) फर्नांडो मेंडोझा, ज्याने २०२५ची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, जिंकली, तो कॅलमधून (बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून) आला. ही एकवीस-बावीस वर्षांची, कॉलेजात दोन-तीन हंगाम खेळून तयार झालेली माणसं. स्टार सतराव्या वर्षी लावलेला अंदाज असतो, सिग्नेटीने त्यानंतरची तीन वर्षं व्हिडिओवर बघून निवड केली. २०२१पासून वर्षभर बाहेर न बसता कॉलेज बदलता येतं, म्हणून हे शक्य झालं. मुलं पारखणं संपलेलं नाही, ते दोनदा करायला लागलंय. आणि दुसऱ्या वेळी पारखायला आधी कुणीतरी त्या पोरांना शाळेतून उचलून शिकवलेलं असावं लागतं. जेम्स मॅडिसनने ते केलं, कॅलने ते केलं.

तिसरं : स्टार विकले जातात, मोठ्या कॉलेजने ऑफर दिली की स्टार वाढतो.

यातलं दुसरं अर्ध खरं आहे. अलाबामा किंवा जॉर्जियाने एखाद्याला ऑफर दिली की वेबसाइटवाले त्याचे व्हिडिओ पुन्हा काढून बघतात, आणि बऱ्याचदा त्याचा भाव चढतो. मला यात गैर वाटत नाही. ज्या कोचची नोकरी त्या निवडीवर टांगलेली आहे त्याच्या मताला वजन द्यायलाच हवं. पहिलं अर्ध, ‘विकले जातात’, याला फॉरवर्डमध्ये एका ओळीचाही आधार नाही. चुका होतात त्या न दिसण्यामुळे होतात. २०२५च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला कॅम वॉर्ड टेक्ससमधल्या ज्या शाळेत खेळला, तिथे जवळजवळ सगळा खेळ चेंडू घेऊन धावण्याचा होता. क्वार्टरबॅकला फेकायलाच मिळत नसेल तर बघणारा काय बघणार? त्याला शून्य स्टार, आणि इन्कार्नेट वर्ड या छोट्या कॉलेजची एकुलती एक ऑफर. त्याच ड्राफ्टमध्ये दुसरा निवडला गेला तो ट्रॅव्हिस हंटर, आपल्या वर्षाचा पहिल्या क्रमांकाचा मुलगा.

चौथं : सगळा पैशाचा खेळ झालाय.

बऱ्याच अंशी झालाय. खेळाडूंना २०२१पासून स्वतःच्या नावावर (जाहिराती वगैरेतून) कमाई करता येते, आणि २०२५च्या जुलैपासून कॉलेजं स्वतः त्यांना पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला सगळे खेळ मिळून साधारण दोन कोटी पाच लाख डॉलर होती. आमचंही विजेतेपद स्वस्तात आलेलं नाही. पण या पोरांच्या जिवावर कोच आणि टीव्हीवाले कितीतरी वर्षं श्रीमंत होत होते, तेव्हा असा फॉरवर्ड कुणी काढला नव्हता.

आता पाचवं. खरं तर यासाठीच लिहायला बसलो. शब्दशः देतो : "शब्द देऊन फिरणारा पोरगा लबाड असतो. लाखो डॉलर घेतोस ना, मग चाहत्यांचं ऐकून घ्यायची तयारी ठेव. अशांना थेट मेसेज करून सुनावलंच पाहिजे."

डिसेंबरात एका रविवारी सकाळी बहिणीकडे गेलो होतो. भाच्याचा एक मित्र आला होता, त्याच्याच टीममधला, एक वर्ष पुढचा. आदल्याच आठवड्यात त्याने एका कॉलेजला दिलेला शब्द मागे घेऊन दुसरीकडे करार केला होता. चांगला सहा फूट चार इंच, पण बहिणीने पुढे ठेवलेल्या पोह्यांच्या बशीकडे मान खाली घालून बसलेला. त्याचा फोन टेबलावर पालथा ठेवलेला होता आणि सारखा थरथरत होता. दर वेळी बशीतला चमचा किणकिणायचा. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, तू बघच." मी पाच-सहा मेसेज वाचले आणि फोन परत पालथा ठेवला. गुडघा मोडू दे. तुझ्या आईला लाज वाटायला हवी. त्याच्या रंगावरून जे होतं ते मी इथे लिहिणार नाही. लिहिणारे त्याच्या बापाच्या वयाचे, स्वतःच्या पोरांसोबतचे फोटो लावलेले. त्या मुलाने मला एकच विचारलं, त्या कॉलेजच्या गावावरून त्याच्या आजीकडे जायचा रस्ता आहे, तिकडे जाणं आता सुरक्षित आहे का? मला पटकन उत्तर देता आलं नाही.

हे असलं ‘सुनावणं’ आपल्या मराठी ग्रुपवर ‘सत्य’ म्हणून फिरतंय.

शब्दाचंच बोलायचं तर तोंडी कमिटमेंट कुणालाच बांधून ठेवत नाही, ना मुलाला ना कॉलेजला. "आता जागा नाही," असं सांगून कॉलेजं ऐन वेळी ऑफर काढून घेतात, तेव्हा त्या कोचच्या आईची लाज कुणी काढत नाही. २०२५मध्ये सही करायचे दिवस ३ डिसेंबरला सुरू झाले. त्याच्या तीन दिवस आधी, ३० नोव्हेंबरला, ओल मिसचा मुख्य कोच लेन किफिन ते कॉलेज सोडून एलएसयूला गेला. टीम विजेतेपदाच्या प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) दारात उभी, आणि त्याच्या शब्दावर विसंबून बसलेल्या मुलांच्या हातात दोन-तीन दिवस. आमच्याकडचा कोच ब्रायन हार्टलाइन ऐन सहीच्या दिवशी साउथ फ्लोरिडाचा मुख्य कोच म्हणून जाहीर झाला. रिसीव्हर (फेकलेला चेंडू धरणारे) आणायचे आणि घडवायचे यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या वर्षीच्या क्लासमधल्या आमच्या सगळ्यात नावाजलेल्या रिसीव्हरने आम्हाला दिलेला शब्द दोन वर्षांपेक्षा जास्त काळ पाळला होता. ज्याच्या भरवशावर यायचं तोच चालला म्हटल्यावर तो दोन दिवस थांबला. दोनच दिवस. तेवढ्यात आमच्यातल्याच लोकांनी त्याला काय काय म्हटलं ते मी वाचलंय. तिसऱ्या दिवशी त्याने सही केली आणि तीच माणसं हृदयाची चित्रं टाकायला लागली. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

ट्रॅव्हिस हंटरने २०२१च्या डिसेंबरात फ्लोरिडा स्टेटला दिलेला शब्द मोडून जॅक्सन स्टेट निवडलं, तेव्हाही लोकांनी त्याला सोडलं नाही. मिसिसिपीतलं कृष्णवर्णीयांचं जुनं, लहान कॉलेज. पहिल्या क्रमांकाचा मुलगा तिथे जाईल हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं. तीन वर्षांनी कोलोराडोकडून खेळताना त्यालाच हाइजमन मिळाली. त्याने निवडलेली वाट त्याची होती, अठरा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या आयुष्याबद्दल घेतलेला निर्णय होता. खेळ त्याचा, गुडघा त्याचा, पाठीचा मणका त्याचा.

क्लास चांगला की वाईट यावर बोला, जरूर बोला. लाइनला दोन माणसं कमी पडली म्हणा, कोचने टेक्ससकडे दुर्लक्ष केलं म्हणा, क्रमांक घसरला म्हणून रात्रभर तळमळा. त्यातलं सगळं मी केलंय. पण ते बोलणं आपापसात आणि कोचबद्दल. पोराच्या फोनपर्यंत ते जाता कामा नये.

बहिणीला रात्रीच लिहिलं : भाच्याला दोन स्टारही नाहीत, ते ठीक आहे, लाइनमन उशिरा भरतात. जूनचे कॅम्प त्याला करू दे. स्टार कुणी विकत देत नाही, तेव्हा कुणी मागितले तरी पैसे देऊ नकोस. आणि त्याच्या मित्राला पुन्हा जेवायला बोलाव.

फॉरवर्ड टाकणाऱ्या गृहस्थांना ग्रुपवर एवढंच म्हटलं की पाचवा मुद्दा आधी काढून टाका, बाकीच्या चारांवर मग हवं तेवढं भांडू. त्यांनी वाचल्याची निळी खूण आली आहे. मुद्दा अजून तिथेच आहे.