सायबीण पुढच्या घरी

माझ्या भाच्यानं गेल्या आठवड्यात मला कुवेतला एक लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. नोकरी पर्वरीला, राहणं गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, आमच्या गावी. वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीवर, यंदा सायबीण घरोघर न्यायची की नाही, यावरून वाद पेटलाय म्हणाला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सायबीण म्हणजे मारिया मातेची मूर्ती. एकेका घरी तिचा एक दिवस मुक्काम असतो. संध्याकाळी शेजारीपाजारी जमतात, तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, लदीन म्हणजे मारियेची स्तुतिमाला गातात, उकडलेले चणे वाटतात. मग दुसऱ्या दिवशी मेणबत्त्या धरून, गात गात तिला पुढच्या घरी पोचवायचं.

काही जण म्हणतात, अर्धी घरं बंद आहेत, माणसं इंग्लंडात स्विंडनला नाहीतर आखातात, आता हे सगळं कोणासाठी? काही म्हणतात, दिवस वाईट आलेत, रस्त्यावरून गात जाणं बरं नव्हे, चर्चच्या आवारातच काय ते उरका. आणि तिसरे म्हणतात, दिवस वाईट आहेत म्हणूनच यंदा मोठे स्पीकर लावून जाऊ, कळू दे सगळ्यांना आपण किती आहोत ते. भाच्याला यातलं काहीच पटत नाही. शेवटी तो म्हणतो, "मावशी, माझा देवावर भरवसा आहे. त्यासाठी मला वाडा कशाला लागतो?"

फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहितेय. आणि मराठीत लिहितेय, कारण आम्ही दोघंही गावच्या सरकारी मराठी शाळेत शिकलो. "क्रिस्तांव असून मराठी?" असं विचारणारे दोन्हीकडे भेटतात. त्यांना एवढंच सांगते की फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि ती 1616 मध्ये गोव्यातल्या साष्टीत, रायतूरला छापून झाली. या भाषेत प्रार्थना करायला मला कोणाची परवानगी नको.

आता भीतीबद्दल. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. 2024 च्या ऑक्टोबरात, संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं दर्शन दीड महिन्यावर आलं असताना, त्या अवशेषांची डीएनए चाचणी करा अशी मागणी गोव्यात जाहीरपणे झाली. रात्रपाळी संपवून मी फोन उघडला तर मडगावात रस्ते अडवलेले, लोक रस्त्यावर. गोंयचो सायब ज्याला म्हणतो त्याच्याविषयी असं बोललेलं ऐकून मला रडू आलं, आणि रागही आला. चर्चनं संयम राखायला सांगितलं तेव्हा अनेकांना तो दुबळेपणा वाटला. इथल्या आमच्या गटातही दोन तट पडले.

पुढे 21 नोव्हेंबरला दर्शन सुरू झालं आणि 5 जानेवारीपर्यंत चाललं. माझी आई जुन्या गोव्याला गेली ती शेजारच्या काकीचा हात धरून. काकीच्या दारात तुळस आहे आणि दरवर्षी मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला ती म्हापशाला तेल घेऊन जाते. तिच्या लेखी मिलाग्रीस सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण. रांगेत तीन तास उभं राहिल्यावर आईचे पाय सुजले, तेव्हा काकीनं तिला पायरीवर बसवून पाय चेपले. फोनवरच्या कुठल्याच तटाला ही गोष्ट माहीत नव्हती. स्पीकर लावून संख्या दाखवायला निघालेल्यांना मला विचारायचंय, तुमच्या त्या मिरवणुकीत काकी कुठे चालणार?

पण भाच्याचा प्रश्न याहून खोल आहे. त्याचं उत्तर मला मे 2021 मध्ये मिळालं.

त्याआधी एक वर्ष, मार्च 2020 मध्ये, इथल्या मशिदींतून येणारी बांग एके दिवशी बदलली. "नमाजाला या" या शब्दांच्या जागी "नमाज घरीच पढा" असे शब्द आले. माझ्या खिडकीखालच्या मशिदीतला आवाज ते म्हणताना कापत होता. चर्चही बंद झालं. इथं शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आम्ही शुक्रवारीच करतो. होली फॅमिली कॅथीड्रलच्या आवारात एका भाषेची मिस्सा सुटते आणि दुसऱ्या भाषेची माणसं आत शिरतात, मल्याळी, तागालोग, अरबी, कोंकणी. ते आवार रिकामं पाहिलं आणि माझ्या पोटात कालवलं. तरी मीही तेव्हा म्हणाले होते, असू दे, देव काय भिंतीत असतो का. मोबाईलवर मिस्सा पाहायची सवय झाली. पुढे पुढे मिस्सा चालू ठेवून भाजी चिरायचीही.

मग पप्पा गेले. हृदयविकारानं, घरीच. त्या वर्षी फेब्रुवारीपासून कुवेतनं परदेशी माणसांना प्रवेश बंद केला होता आणि एप्रिलअखेरीस भारताची थेट विमानंही थांबली होती. गेले असते तर परत येता आलं नसतं. आईचं औषधपाणी माझ्या पगारावर, धाकट्या भावाचं शिक्षण चालू. मी गेले नाही. हे वाक्य लिहायला मला चार वर्षांहून जास्त लागली.

गोव्यात तेव्हा संचारबंदी. मोजकी माणसं. वाड्यावरच्या चौघांनी पप्पांना खांदा दिला. काकीच्या नवऱ्यानं स्वतःची जीप काढली. आणि बाळा, फोन धरून उभा होतास तो तू. हात दुखला तरी तू तो खाली केला नाहीस, म्हणून शेवटची मूठभर माती पडताना मला दिसली. तुला वाडा कशाला लागतो असं विचारतोस, पण त्या दिवशी माझा वाडा तू होतास.

त्या रात्री इथं आमच्या इमारतीत जमायला बंदी होती. चार मजल्यांवर आम्ही पाच जणी, केरळच्या दोघी, एक साष्टीची, एक वसईची आणि मी. कोणी ठरवलं ते आजवर मला कळलेलं नाही, पण आठ वाजता प्रत्येकजण आपापल्या दाराच्या उंबऱ्यावर उभी राहिली आणि जिन्यातून तेर्स सुरू झाला. साष्टीची "नमान मारिये" म्हणे, वसईची "नमो मरिये", वरून मल्याळम. माझी पाळी आली. माझ्या तोंडून शब्द फुटेना. सोळा दिवस मी देवाला एकच मागत होते आणि त्यानं ते दिलं नव्हतं, मी काय म्हणू? थोडा वेळ जिना गप्प राहिला. मग खालच्या मजल्यावरच्या वसईवालीनं माझा दशक माझ्यासाठी म्हटला. पूर्ण दहा. मी नुसती चौकटीला धरून उभी होते.

एकट्यानं ठेवलेला भरवसा त्या रात्री माझ्याकडे उरला नव्हता. तो त्यांच्याकडे होता आणि त्यांनी तो माझ्या वतीनं सांभाळला. तीन-चार महिने तसाच सांभाळला. मग तो मला परत मिळाला.

नंतर मी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचं पत्र पुन्हा वाचलं, 29 वा अध्याय. बाबेल, म्हणजे बॅबिलॉन, इथून उत्तरेला, आजच्या इराकात. यरुशलेमातून लोकांना तिथं बंदिवासात नेलं होतं, आणि मागे यरुशलेमात हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता, दोन वर्षांत सगळं ठीक होईल. लोकांना ते ऐकायला गोड वाटलं. यिर्मयानं बंदिवासातल्यांना लिहिलं, 70 वर्षं. घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सुटकेचं वचनही त्याच पत्रात आहे, पण ते एकेकट्याला दिलेलं नाही. सगळ्यांना मिळून लिहिलेलं ते पत्र आहे. ज्यांना पत्र मिळालं त्यांतले कितीतरी तो दिवस पाहणार नव्हते. तरी मळे लावायचे होते. देवावर भरवसा म्हणजे काय, ते मला या अध्यायाइतकं कुठल्या प्रवचनानं सांगितलं नाही. आज गावात आणि फोनवर हनन्या पुष्कळ झालेत, आमच्यातलेही. कोणी म्हणतो अमुक पक्ष वाचवील, कोणी म्हणतो पोर्तुगीज पासपोर्ट वाचवील.

गोव्याबाहेर पडलेल्या माणसाला हे जुनंच ठाऊक होतं. माझे आजोबा तारवटी, बोटीवर खलाशी. बोट मिळेपर्यंत ते मुंबईत धोबीतलावच्या कुडीत राहायचे. कूड म्हणजे गावागावाच्या लोकांनी भाड्याच्या खोल्यांत काढलेली वसतिस्थानं. पत्र्याची पेटी ठेवायची, भिंतीला टेकून झोपायचं, आणि संध्याकाळी वेदीपुढे सगळ्यांनी तेर्स म्हणायचा, हा नियमच. आजोबा काही फार धार्मिक नव्हते. पण कोणाला बोट मिळाली, कोण तापानं पडलाय, कोणाच्या घरून तार आली, हे सगळं तेर्साला कळायचं. न आलेल्या माणसाची चौकशी व्हायची. मोबाईलवरच्या मिस्सेत मी नसले तर कोणालाच कळत नाही. भाजी चिरताना ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

परदेशातल्या समाजाचं कौतुक करून तुम्हाला लाजवावं, असा माझा हेतू नाही. इथंही गावागावांची भांडणं आहेत, मोठ्या पगाराचे पुढच्या बाकावर आणि घरकामाच्या बाया मागे, हे मी दर शुक्रवारी पाहते. त्यातल्या कितीतरी बायांना शुक्रवारीसुद्धा सुट्टी नसते, त्यांच्यापर्यंत आम्ही जात नाही. याची मला खंत आहे. पण 2025 च्या जूनमध्ये एका रात्री इथलं आकाश विमानांना बंद झालं आणि पुढे काय होणार ते कोणालाच माहीत नव्हतं, तेव्हा पुन्हा आठ वाजता जिन्यात उंबरे उघडले. या वेळी सगळ्या माझ्या घरात येऊन बसल्या. मी चणे उकडले.

म्हणून भाच्याला माझं म्हणणं असं. सायबीण न्या. स्पीकर नको, तिला तो लागत नाही. भिऊन आवारातही ठेवू नका. नेहमीच्याच वाटेनं, काकीच्या अंगणावरून न्या, दरवर्षी ती दारात निरांजन घेऊन उभी असते. बंद घरांच्या दाराशीही एक मेणबत्ती लावा आणि तिथल्या माणसांची नावं घ्या, ती कुठंही असोत. तुझा भरवसा पक्का असेल तर फारच चांगलं, मग तो घेऊन ये, कारण त्या रात्री तिथं असं कोणीतरी असेल ज्याच्याकडे तो नसेल, आणि ते तो कोणाला सांगणार नाही.

आमचंही घर बंदच असतं, आई आता भावाकडे म्हापशाला. यंदा ऑक्टोबरात मी वीस दिवसांची रजा टाकलीय. किल्ली काकीकडे आहे. परवा तिला फोन करून विचारलं, आमच्याकडे सायबीण येईल त्या दिवशी चणे किती भिजत घालू? ती म्हणाली, तुझ्या पप्पांच्या वेळेला पाच किलो लागायचे, तू सहा घाल, आणि आदल्या रात्रीच घाल.