बिनतारी तारांबळ

मंदावलेला लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला की तिथला तरुण तो उघडून पाहण्याआधीच "काका, फॉरमॅट मारून टाकू" असे निदान करतो आणि त्याच्या आवाजातील खात्री ऐकून आपण मान डोलावतो. आमच्या लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क काढून त्याने एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान अशी नव्या पद्धतीची डिस्क, बसवली, खिशातल्या पेन ड्राइव्हवरून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली आणि संध्याकाळी यंत्र माझ्या स्वाधीन केले. ते खरोखरच चपळ झाले होते. पूर्वी बटण दाबून मी चहाचे आधण ठेवीत असे आणि चहा पिऊन कप विसळेपर्यंत पडद्यावर काही उमटत नसे. आता आधणाला बुडबुडे येण्यापूर्वीच सारे सज्ज होते. फक्त खालच्या कोपऱ्यात जिथे वायफायची खूण असायची, तिथे पृथ्वीचा एक गोल आणि त्यावर मनाईची फुली असे चित्र आले होते. सारे जग मला बंद झाल्याचे इतक्या थोडक्या जागेत कोणी सांगितले नसेल.

दुकानात नेट चालवून पाहिले होते का, असे मी फोनवर विचारले. "तुमच्या घरचं नेट आमच्या दुकानात कसं दिसणार, काका?" या प्रतिप्रश्नाला तर्कदृष्ट्या उत्तर नव्हते. पीसी ओके आहे, लाईन बघून घ्या, असे त्याने सुचवले, म्हणून नेटवाल्याला बोलावले. त्याने राउटरवरचे हिरवे दिवे पाहिले, स्वतःच्या मोबाइलवर वेगाची चाचणी घेतली आणि लाईन ओके आहे, पीसी बघून घ्या, असा निर्वाळा दिला. अशा रीतीने सर्व काही ओके असल्याचे दोन्ही तज्ज्ञांकडून प्रमाणित झाले. नसलेली एकच गोष्ट म्हणजे इंटरनेट.

घरातही मला सहानुभूती मिळेना. वीज गेली तर सारी गल्ली दारात येऊन एकत्र हळहळते. इथे मात्र प्रत्येकाचा मोबाइल त्याच वायफायवर सुखाने चालू होता, आणि अडचण एकट्याचीच असली की ती अडचण न राहता स्वभावदोष ठरते. "अहो, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल," असे सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातूनच, म्हणजे लॅपटॉप न पाहता, सांगितले. न पाहता निदान करण्याची कला केवळ दुकानदारांकडे असते, हा माझा समज त्या क्षणी दूर झाला.

मग मी यंत्रालाच शरण गेलो. त्यात दोष शोधून काढणारी एक सोय असते. ती चालू केल्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे बराच वेळ गंभीरपणे सरकत राहिली आणि अखेरीस निष्कर्ष आला, की नेटवर्क जोडणी आढळली नाही. हे मीच तिला सांगायला आलो होतो. त्याखाली अधिक मदतीसाठी ऑनलाइन जाण्याचा सल्ला होता. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, अशी जी कोंडी आपले पूर्वज सांगून गेले, तिचे इतके स्वच्छ उदाहरण मला अन्यत्र आढळलेले नाही.

शेवटी पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो संगणकाच्या क्षेत्रात आहे, म्हणजे सणासुदीला आमच्याकडे जेवायला आल्यावर त्याला पानावरून उठवून प्रिंटर दाखवला जातो. त्याने डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे यंत्रातल्या सुट्या भागांची यादी, उघडायला लावली. तिथे 'नेटवर्क कंट्रोलर' या नावापुढे उद्गारचिन्ह असलेला पिवळा त्रिकोण होता. "मामा, ड्रायव्हर नाहीये," तो म्हणाला. लॅपटॉपमधले वायफायचे कार्ड ठणठणीत होते. पण त्याच्याशी कसे बोलायचे हे ऑपरेटिंग सिस्टिमला शिकवणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, तो दुकानदाराच्या पेन ड्राइव्हवर नव्हता, कारण त्या पेन ड्राइव्हवरची प्रत आमच्या कार्डाच्या जन्माआधीची होती. जुनी डिस्क जाताना तो ड्रायव्हरही सोबत गेला. आता नवा आणायचा तर तो इंटरनेटवरच मिळणार होता.

एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये उत्पादक कधी या तर कधी त्या कंपनीचे कार्ड बसवतो, त्यामुळे केवळ मॉडेलचे नाव सांगून भागत नाही. हार्डवेअर आयडी नावाची अक्षरे आणि आकडे यांची एक लांबलचक माळ वाचून दाखवावी लागते. फोनवर 'बी', 'डी', 'पी' आणि 'व्ही' यांत भेद करणे मानवी कानाला शक्य नाही. मी बदकातला ब, डमरूतला ड असे सांगू लागलो, तेव्हा पलीकडे काही काळ शांतता पसरली. मात्र '८०८६' हा आकडा ऐकताच भाच्याला उत्साह आला. १९७८ साली इंटेलने ८०८६ हा प्रोसेसर बाजारात आणला आणि पुढे आपल्या सुट्या भागांची ओळख पटवण्यासाठी कंपनीने हाच क्रमांक घेतला, अशी माहिती त्याने मला दिली. माहिती सुरस होती, यात वाद नाही. पण माझे नेट अजून बंद होते.

"राउटरपासून थेट लॅनची केबल लावा," भाचा म्हणाला. लॅपटॉप इतका सडपातळ आहे की त्या केबलचे टोक त्याच्या जाडीत मावत नाही; हा सडपातळपणा त्याच्या जाहिरातीतील मुख्य गुण होता. "मग मोबाइल यूएसबी केबलने जोडा आणि टेदरिंग चालू करा, म्हणजे मोबाइलचं नेट लॅपटॉपला मिळेल. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही." ही युक्ती खरोखर नामी आहे. मी केबल जोडली. मोबाइल चार्ज होऊ लागला आणि होतच राहिला. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, त्यांतील दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या; स्वस्त चार्जिंग केबलमधून माहितीच्या तारा अनेकदा सरळ वगळलेल्या असतात, आणि आमच्या घरातील सर्व केबली स्वस्त होत्या. माहिती वाहून नेणारी एकमेव केबल अखेर चिरंजीवांच्या दप्तरात, रबर बँडने नीट गुंडाळलेली, सापडली. ती देताना त्याने परत करण्याची वेळ ठरवून घेतली.

नेट आले! आणि एकही संकेतस्थळ उघडेना. 'आपली जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा प्रत्येक पानावर झळकू लागला, अगदी सरकारी संकेतस्थळावरसुद्धा. भाच्याने विचारले, "मामा, तारीख काय दाखवतंय?" तारीख १ जानेवारी २०१७ होती. घड्याळ चालू ठेवणारा सेल, ज्याला सीआर२०३२ म्हणतात आणि ज्याच्या नावातच वीस मिलिमीटर व्यास व ३.२ मिलिमीटर जाडी ही मापे दडलेली आहेत, तो एसएसडी बसवताना निघाला असावा. संकेतस्थळे आपली ओळख पटवण्यासाठी जे प्रमाणपत्र दाखवतात, त्याला मुदत असते, आणि २०२० च्या सप्टेंबरमध्ये ती जास्तीत जास्त ३९८ दिवसांवर आणण्यात आली. साहजिकच २०१७ मध्ये वावरणाऱ्या माझ्या लॅपटॉपला समोरची सर्व प्रमाणपत्रे भविष्यकाळातील दिसत होती आणि त्याने ती बाणेदारपणे नाकारली. सरकारी कचेरीतील अनुभवाच्या आधारे सांगतो, हा नियम यंत्राला कोणी शिकवावा लागला नसावा.

तारीख सुधारली, ड्रायव्हर उतरवला, पिवळा त्रिकोण नाहीसा झाला आणि पडद्यावर साऱ्या इमारतीच्या वायफायची नावे ओळीने उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावरच्या सोज्ज्वळ जोशीकाकूंनी आपल्या वायफायला 'डेंजर झोन' असे नाव दिले आहे, हे मला त्या दिवशी कळले. आमच्या नावावर क्लिक करताच पासवर्ड विचारण्यात आला. तो आजवर लॅपटॉपलाच पाठ होता. राउटर छताला लागून, खिळ्यावर टांगलेला. त्यावरचे स्टिकर भिंतीकडच्या बाजूला. स्टुलावर चढून मोबाइलच्या उजेडात ते वाचले, तर तो पासवर्ड चालेना. नेटवाला फोनवर म्हणाला, "काका, मी सगळ्यांना त्यांचा मोबाइल नंबरच टाकून देतो." माझा नंबरही चालला नाही. तेव्हा सौभाग्यवतींनी, पोळी लाटता लाटता, मी कित्येक वर्षांपूर्वी बंद केलेल्या सिमकार्डाचा दहा आकडी क्रमांक न अडखळता म्हणून दाखवला. वायफाय जोडले गेले.

पृथ्वीवरची फुली गेली. मी हात चोळून वीजबिलाचे पान उघडायला घेतले, एवढ्यात ऑपरेटिंग सिस्टिमने कळवले, की अनेक महत्त्वाच्या सुधारणा उतरवून घेण्याचे काम तिने हाती घेतले असून, ते पूर्ण होईपर्यंत यंत्र बंद करू नये. टक्केवारी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागली. थोड्याच वेळात आतल्या खोलीतून चिरंजीवांचा क्लास अडकल्याचा, आणि पाठोपाठ बाहेरच्या खोलीतून मालिका ऐन मंगळाष्टकांत गोल गोल फिरू लागल्याचा पुकारा झाला. आता घरात फक्त माझ्याच लॅपटॉपवर इंटरनेट होते.