'कुठेही' हा शब्द खटकला
'बर्लिनमध्ये दोन पुरुष हातात हात घालून कुठेही फिरले तरी कुणी वळून बघत नाही' हे लेखातलं वाक्य नोलेनडॉर्फप्लाट्झच्या, म्हणजे बर्लिनमधल्या समलिंगींच्या जुन्या वस्तीच्या, आसपास अगदी खरं. तिथल्या बेकरीतल्या आजीबाईंनी 'आज नवरा कुठंय?' असं सहज विचारलं, तेव्हा अवघडलो तो मीच! पण रात्री अकराच्या यू-बानमध्ये (तिथली भुयारी रेल्वे) तिघा पोरांनी टोमणे मारले आणि आमचे हात आपोआप सुटले. पुण्यातली सवय, दुसरं काय.

आणि नोलेनडॉर्फप्लाट्झच्याच यू-बान स्टेशनच्या भिंतीवर, नाझींनी मारलेल्या समलिंगींच्या स्मरणार्थ १९८९ साली लावलेला दगडी त्रिकोण आहे. लेखात त्याचा साधा उल्लेखही नसावा? पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम १७५ जर्मनीने पूर्णपणे काढलं, तेही थेट १९९४ मध्ये.